बर्डीवरचा ढग

कुणाच्याही घरी भिंतीवर निसर्गदृश्याचा फोटो टांगलेला दिसला की मी आधी त्यातलं आभाळ बघतो, आणि बहुतेक वेळा मला शिसारी येते. यजमान चहा सांगायला आत गेलेले असतात आणि मी तिथे उभा राहून त्यांच्या तळ्याला, देवळाला, नाहीतर काश्मीरच्या देवदारांना मनातल्या मनात शिव्या घालत असतो. हा रोग मला जन्मजात नव्हता. तो केशवराव नंदनवार मास्तरांकडून लागला. मास्तर गेले त्याला कितीतरी वर्षं झाली, रोग काही गेला नाही.

मास्तर मुलांच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. घर नागपूरला गोळीबार चौकाच्या मागे, कोष्ट्यांच्या वस्तीत. घराणं मूळचं उमरेडचं, लुगडी विणणाऱ्यांचं. मास्तर चित्रकलेकडे वळले तरी धाकटा भाऊ घरातल्या मागावर बसायचा, आणि त्या खटखटीच्या वरताण बोलावं लागे म्हणून मास्तर घरात असोत की बाहेर, ओरडूनच बोलत. ठेंगणा बांधा, डोक्यावर काळी टोपी, गालात तंबाखू आणि चेहरा असा, की आत्ताच काहीतरी आंबलेलं तोंडात गेलंय. हा चेहरा बारशाला तोच आणि मयतीलाही तोच.

स्वातंत्र्य मिळून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी सचिवालयात कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, आणि मामानं दिलेला एक बॉक्स कॅमेरा गळ्यात अडकवून स्वतःला मोठा कलावंत समजत होतो. महाल भागातल्या एका मित्रानं मला मास्तरांकडे नेलं. दर रविवारी सकाळी फोटोचा नाद असलेली चारपाच माणसं त्यांच्या ओसरीवर जमत आणि आपापले फोटो त्यांच्यापुढे ठेवून शिव्या खात. मी मोठ्या दिमाखात अंबाझरीचा फोटो पुढे केला. मास्तरांनी तो कोपऱ्यात दोन बोटांनी धरला, मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा.

"काय आहे हे?"

"अंबाझरी तलाव, मास्तर."

"आन् हे वरचं पांढरं?"

"आभाळ."

"हे आभाळ आहे? मले वाटलं धोतर वाळू घातलं कोणं." मग फोटोच्या मधोमध गेलेल्या पाण्याच्या काठावरून त्यांनी नख ओढलं. "काहून गा, तुह्या घरी आई लुगडं नेसते नं? त्याचा काठ कुठं असते?"

"कडेला."

"मंग? मधोमध काठ असलेलं लुगडं पाह्यलं काय कुठं? आमच्या बापानं असं विणलं असतं तर आज्यानं मागावरून उठवलं असतं त्याले. जमीन दाखवाची असन तर रेघ वर ने. आभाळ दाखवाचं असन तर खाली आण. आन् आभाळात काही नसन तर ते दाखवतेच कायले?"

एवढं बोलून त्यांनी फोटो उलटा केला, मांडीजवळ ठेवला आणि त्याच्यावर चहाचा पेला टेकवला. ही त्यांची पद्धत होती. फोटो फाडायचे नाहीत, फेकायचे नाहीत. पालथा घालून त्यावर पेला ठेवायचे. माझ्या ट्रंकेत अजून त्या वेळचे फोटो आहेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर चहाचं तपकिरी वर्तुळ आहे. तेव्हा मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की पुन्हा त्या ओसरीवर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. पुढच्या रविवारी गेलो.

कारण माणूस किळसवाणा होता, पण सांगत होता ते खरं होतं. त्या वेळच्या साध्या फिल्मवर निळं आभाळ पांढरंफटक उमटायचं. मास्तरांनी भिंगापुढे पिवळा फिल्टर धरायला शिकवलं, म्हणजे निळं जरा गडद होतं आणि ढग त्यातून सुटून दिसतो. दुपारी कॅमेऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या दुपारबद्दल तर ते म्हणत, "या टायमाले देवानं आभाळावर चुना मारला असते. घरी जाऊन झोप." समोर एखादी फांदी, धोंडा, बैलगाडीचं चाक, काहीतरी जवळचं घ्यायला लावत. नाहीतर चित्रात शिरायला दारच नाही, म्हणत. आणि सगळ्यात जास्त भर वाट बघण्यावर. आश्विनात, पाऊस ओसरला की नागपूरच्या आभाळात जे गोळेच्या गोळे ढग चढतात, त्या दिवसांत मास्तर शाळेत नावापुरते असत.

एकदा आम्ही रामटेकला गेलो होतो. सकाळपासून मास्तर एका चिंचेखाली कॅमेऱ्याची तिपाई लावून बसलेले. भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला, तंबाखू खाल्ली, तिपाईच्या पायापर्यंत पिचकाऱ्या टाकल्या. बघवत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा टेकडीवरच्या देवळाच्या मागून एक ढग असा काही वर आला, की आम्ही उठूनच उभे राहिलो. मी धडाधड फोटो काढले. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं, बराच वेळ आतच राहिले आणि बाहेर येऊन तिपाई मिटायला लागले.

"काढला?"

"नाही."

"काहून, मास्तर?"

"शेंडीवर बसून राहिला देवळाच्या. जसा टोपी घालून. मांगं पाह्यजे होता, वर नाही."

"पण केवढा सुंदर ढग होता."

"ढगाले काय चाटाचं आहे? खालच्या जमिनीशी त्याचं जुळलं पाह्यजे. येईन उद्या."

दुसऱ्या दिवशी काही ढग आला नाही. तो आला असता तरी त्यांनी काढला असता असं नाही. त्यांच्या हातचे पुरे झालेले, त्यांना स्वतःला पसंत असलेले फोटो मी कधी पाहिले नाहीत. विचारलं की म्हणत, "आहे एक. पण तो पुरा नाही." यापलीकडे बोलत नसत.

त्या एकाचा छडा सीताबर्डीवर, नागपूरच्या मुख्य बाजारात लागला.

बर्डीवर तेव्हा एक मोठा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या दर्शनी काचेच्या कपाटात फोटोंची आरास असे: नवरा-नवरी, पदवीचे झगे घातलेली पोरं, हार घातलेले म्हातारे, मधूनमधून रामटेक, अंबाझरी. एका संध्याकाळी मास्तर आणि मी तिथून जात होतो. मास्तर एकदम थांबले, कपाटाच्या काचेला नाक लावलं आणि म्हणाले, "पाह्य, बसला अजून डोक्यावर."

मला काही कळेना. त्यांनी बोट टेकवलं. रामटेकच्या मागे एक भरदार ढग होता, बसलेल्या म्हशीसारखा, डावीकडे फाटकं शेपूट. मग त्यांनी अंबाझरीवर बोट ठेवलं. तोच ढग, तेच शेपूट. मग एका नवरा-नवरीच्या मागे. मग फेटेवाल्या एका मालगुजार जमीनदाराच्या मागे. सगळ्या नागपूरवर एकच ढग तळ देऊन बसला होता.

आता हे कसं करतात ते सांगायला हवं. माणसाचा किंवा तळ्याचा फोटो कागदावर उतरवताना आभाळाची जागा काळा कागद कापून झाकायची. मग खालचं झाकायचं आणि उरलेल्या कोऱ्या जागेत दुसऱ्या निगेटिव्हवरचा ढग उतरवायचा. सांधा नीट जमला की गिऱ्हाईक खूष. पाण्यात मात्र ढग कोण घालणार? त्या फोटोतल्या अंबाझरीवर एवढा थोरला ढग उभा होता आणि खाली पाणी जसंच्या तसं कोरं. मी मोठ्यानं हसलो.

"हसून काय राहिला?" मास्तर म्हणाले. "तो ढग माहा आहे."

तिथेच पानाच्या ठेल्यापाशी उभं राहून त्यांनी सांगितलं. तरुणपणी, शाळेत लागायच्या आधी, ते याच स्टुडिओत कामाला होते. उमरेडला एका लग्नाचे फोटो काढून परतताना आश्विनातल्या संध्याकाळी हा ढग दिसला. कॅमेरा मालकाचा, त्यात शेवटची काच उरलेली. तेव्हा निगेटिव्ह काचेवरच घेत. तो ढग बघून मास्तरांचं भान सुटलं. कॅमेरा वर करत गेले, वर करत गेले, आणि ढग पुरता मावला तेव्हा खालची जमीन सगळी बाहेर गेली होती.

"एक झाड नाही घेतलं, गा. एक बोरीचं झुडूप नाही. हावरटासारखं नुसतं आभाळ भरलं." त्यांनी पिंक टाकली. "मोकळा ढग म्हणजे मोकाट गाय. कोणीबी आपल्या दावणीले बांधते. ह्या गुलाबभाईनं बांधली."

गुलाबभाई म्हणजे स्टुडिओचे मालक. काच त्यांची, कॅमेरा त्यांचा, पगार त्यांचा. म्हणजे ढगही त्यांचाच. मास्तर स्टुडिओ सोडून गेले, काच तिथेच राहिली. तेव्हापासून मास्तरांना एकच ध्यास होता: ती काच परत मिळवायची आणि फोडून टाकायची. मी विचारलं, फोडायची कशाला, जपून का नाही ठेवायची? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच फोटोत मधोमध काठ घेतलाय.

"जपून ठेवाले ते पुरं आहे काय? माही चूक आहे ती. गावभर मिरवून राहिली."

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्याच्या आसपास, मी त्यांच्याबरोबर त्या स्टुडिओत गेलो. आमच्या ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी झाली होती, मीही कुठे उचलला जातो की काय या धास्तीत होतो, आणि मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. गुलाबभाई गोरेगोमटे, गोडबोले. मास्तरांना बघून गादीवरून उठले.

"आइए, मास्टरजी. चाय मंगवाऊं?"

"चहा नाही पाह्यजे. ढगाची काच द्या."

"फिर वही बात." गुलाबभाई हसले. "अच्छा, एक बढिया कॉपी बनाके देता हूं. फ्रेम समेत."

"कॉपी नाही. काच."

"करोगे क्या उसका?"

"फोडीन."

गुलाबभाईंचं हसू मावळलं. "मास्टरजी, आप तो उसे तोड दोगे. मैं उसको लोगों के घर घर पहुंचाता हूं. बताओ, बादल का भला किसने किया?"

मला या बोलण्याची मनस्वी चीड आली. तेवढ्यात काटोलकडचा एक संत्र्याचा बागाईतदार आत आला. बाप वारला होता, त्याचा मोठा करायला टाकलेला फोटो न्यायला एस.टी.नं आला होता. गुलाबभाईंनी फोटोवरचा कागद सोडला. म्हातारा खुर्चीवर ताठ बसलेला, आणि डोक्यामागे, अर्थातच, ढग. बागाईतदारानं दोन्ही हातांनी फोटो धरला. त्याचे डोळे भरून आले.

"बाप सुखात दिसते," तो म्हणाला.

मास्तरांना राहवलं नाही. स्टुडिओतली खिडकी डावीकडे होती, म्हणून तिथे बसवलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड डावीकडून पडायचा. ढगावर मात्र तो उजवीकडून होता. एरवी हे मला आणि मास्तरांनाच दिसत असे आणि तेवढ्यावर भागत असे.

"तुह्या बापाले दोन सूर्य होते काय गा?" मास्तर त्या माणसावर ओरडले. "तोंडावर इकडून, ढगावर तिकडून. डोळे आहेत का बटनं?"

त्या बिचाऱ्यानं फोटो छातीशी घेतला आणि तो पायरी उतरून गेला. गुलाबभाईंनी मास्तरांना हात जोडले आणि "पधारिए" म्हणाले, म्हणजे आता निघा. मला त्या क्षणी दोघांचीही घाण वाटली. एकानं बापाच्या डोक्यावर खोटं आभाळ ठेवलं होतं आणि दुसऱ्यानं लेकाला ते सुखानं बघू दिलं नाही. बर्डीवरून कॉटन मार्केटपर्यंत मी मास्तरांच्या चार पावलं पुढे चाललो. मास्तरांनाही कळलं असावं. वाटेतल्या पुलाशी आल्यावर म्हणाले, "जाऊ दे. म्हातारा खरंच सुखात दिसून राहिला होता." पण चेहरा तोच, आंबलेला.

मास्तरांचा फोटो मी एकच काढला. मे महिन्यात, भल्या सकाळी, अंबाझरीच्या बांधावर. ते छत्री मिटून गुडघ्यांत धरून बसले होते आणि पलीकडच्या आभाळाकडे, ज्यात कावळासुद्धा नव्हता, रागानं बघत होते. उन्हं नुकतीच वर आली होती. मी त्यांना न सांगता कडेनं बटण दाबलं. पुढच्या रविवारी ओसरीवर तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं, स्वतःचा फोटो बघून तरी माणूस विरघळेल.

"मधोमध बसवलं मले," ते म्हणाले. "जसा पिंडाचा गोळा. आन् ही पाण्याची रेघ पाह्य, बरोबर गळ्यातून गेली. मुंडकं कापलं माहं. आन् आभाळ कोरं." फोटो पालथा घालणार, तेवढ्यात पुन्हा सुलटा केला आणि जरा लांब धरला. "उजेड चांगला आहे पण. उजवीकडून आला." मग पालथा घातलाच आणि वर पेला ठेवला. इतक्या वर्षांत मला मिळालेली तेवढी एकच शाबासकी, तीही अर्धी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मास्तर गेले. छातीत दुखतंय म्हणाले, माग थांबवा म्हणाले, आणि माग थांबेपर्यंत संपले. मी पोचलो तेव्हा घरात आवाज नव्हता. त्या घरात आवाज नसणं मला सहन झालं नाही, बाहेर येऊन उभा राहिलो.

तेरवीच्या आधी काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, माझ्या घरी आल्या. पदर सावरून दारातच बसल्या.

"वैद्यभाऊ, तुमच्यापाशी यांचा फोटो आहे काय? हार घालाले एक फोटो नाही घरात. जिंदगीभर कॅमेरा घेऊन हिंडले आन् सोताचा एक नाही ठेवला."

मी बांधावरच्या फोटोची निगेटिव्ह काढून दिली. फोटो मोठा करून आणायचं जावई बघेल, एवढंच काकू म्हणाल्या. जावई गोंदियाचा. त्याला जुनी भांडणं काय ठाऊक? आणि कुठल्या स्टुडिओत टाकणार, हे मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

तेरवीला गेलो. ओसरीवरच, जिथे मास्तर बसायचे तिथे, पाटावर फोटो ठेवला होता, हार घातलेला. आधी मला हारच दिसला. मग मी आभाळ बघितलं. सवयच ती.

म्हशीसारखा भरदार ढग. डावीकडे फाटकं शेपूट.

ज्या ढगानं जन्मभर या माणसाची झोप घालवली, तो त्यांच्या मेल्या तोंडासमोर आणून चिकटवला होता, आणि मास्तर खाली बसून त्याच्याकडे रागानं बघत होते. उठून हार बाजूला करावा, फोटो पालथा घालावा, असंच मनात आलं. हात पुढेही गेला.

"गुलाबभाई सोता घेऊन आले होते," काकू मागून म्हणाल्या. "सोता बसून केला म्हणे, दुकानातल्या पोराहिले हात लावू नाही देला. म्हणाले, ढग मास्टरजींचाच आहे. आन् हे बी देऊन गेले." कोनाड्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी ठेवलं होतं. "फुटन म्हणे, जपून ठेवा. काय आहे ते?"

"काच आहे," मी म्हणालो. "राहू द्या तिथेच."

आणि मग मी तो फोटो मास्तरांनी शिकवलं तसा बघायला लागलो. चूक शोधायला. मास्तर मधोमध नव्हते. कागद एका अंगानं कापून त्यांना कडेला घेतलं होतं. गळ्यातून जाणारी पाण्याची रेघ नव्हती. आभाळाबरोबर पाणीही झाकून त्या जागी ढगच उतरवला होता. खाली बांधाचा धोंडा, वर भरलेलं आभाळ. उरला उजेड. मी पार खाली वाकलो. मास्तरांच्या गालावर उजेड उजवीकडून होता. ढगावरही उजवीकडून. नागपूरभर ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसून आलेल्या त्या ढगाला शेवटी खाली जुळणारी जमीन मिळाली होती. आणि ती शोधून काढली कुणी, तर गुलाबभाईनं.

मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की काय सांगू. फोटो वाईट केला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

काकूंनी चहाचा पेला आणून हातात दिला. "बरे दिसतेत नं, वैद्यभाऊ? तुमाले समजते त्यातलं."

मागावर धाकटा भाऊ बसला होता, पण माग चालवत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. पेला टेकवायला मी जागा शोधली, ती सापडली नाही, आणि तो गरम पेला तसाच दोन्ही हातांत धरून बसलो.

"पुरा झाला, काकू," मी म्हणालो.